मधल्या सुट्टीचं कलम

"तुझी घंटा माझा घास काढून घेते, आणि वर तू मलाच विचारतोस की वाजते कशी?"

"अगं पण सांग ना! शेवटचा टोल लांबतो की मध्येच तुटतो?"

"शेवटच्या टोलाला माझं तोंड भरलेलं असतं! भरल्या तोंडी कान कुणाचे चालतात?"

"माझे चालतात."

"तुझे कानच चालतात रे. बाकी सगळा आनंद आहे."

ताईनं हातातला डबा टेबलावर आपटला, झाकण काढलं आणि घंटामामाच्या नाकाखाली सरकवला. डबा अर्धा भरलेला होता. सकाळी मामानंच तो काठोकाठ भरून दिला होता, त्यामुळे अर्धा म्हणजे नक्की किती हे त्याला बघताक्षणी कळलं.

ताई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात कामाला. तिथे गेल्या आठवड्यापर्यंत भोंगा होता. सोमवारी भोंगा गेला आणि कर्ण्यातून ठण्ण, ठण्ण अशी पितळी घंटा सुरू झाली. जरा चिरकी, जरा सर्दी झाल्यासारखी. ताईनं पहिल्याच टोलाला ओळखली. न ओळखायला काय झालं? तीच घंटा भावानं दोन वर्षं तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या डोक्याशी, चाचणी म्हणून वाजवली होती.

"साडेबाराची सुट्टी बारा बत्तीसला सुटते," ताई बोटं मोडत म्हणाली. "आणि एकची घंटा बारा अठ्ठावन्नला. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, आठवडाभर. चार मिनिटं रोज. हात धुवायच्या रांगेत सहा जातात. मी जेवायचं कधी, बिस्किटाच्या पुड्यात तोंड घालून?"

"माझी घंटी असं करणार नाही."

"केलं."

"ती तशी नाहीये गं."

"पोरगी पळून गेल्यावर बापसुद्धा हेच म्हणतो!"

मामा मटकन खाली बसला. दुसऱ्या कुणी दुसऱ्या कशाबद्दल असा आरोप केला असता तर त्यानं खांदे उडवले असते. एक खांदा, कारण दुसरा उडत नव्हता. पण मधली सुट्टी? त्याच्या घंटेनं?

घंटामामा एकतीस वर्षं एका शाळेत शिपाई होता. शाळेच्या व्हरांड्यात टांगलेली पितळी तबकडी आणि तिच्यावर मारायची लाकडी हातोडी ही त्याची हद्द. तास संपला की दोन टोल. प्रार्थनेला पाच. तपासणीचे साहेब आले की संथ, भारदस्त, जणू घंटेनंच केसाला तेल लावून भांग पाडलाय. आणि मधल्या सुट्टीला असा काही दणका, की गणिताचे सर फळ्यावरचं उत्तर अर्धवट सोडून डब्याकडे वळत. सुट्टी घड्याळाच्या ठोक्याला सुटायची, पण संपताना मामा कायम अर्धं मिनिट उशीर करायचा. विचारलं तर सांगायचा, "शेवटचा घास गिळायला."

एकदा बड्या साहेबांची गाडी दारात आली म्हणून मुख्याध्यापकांनी सुट्टी पाच मिनिटं आधी संपवायला सांगितली. मामा म्हणाला, हातोडी सापडत नाही. पाच शिक्षक, दोन कारकून आणि खुद्द मुख्याध्यापक हातोडी शोधत फिरले. शेवटी दमून सगळे पाणी प्यायला आले. मामानं पिंपातून सगळ्यांना गार पाणी दिलं. हातोडी त्याच पिंपाच्या तळाशी होती.

मग खांदा धरला. शाळेनं विजेची घंटा आणली. तिचा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या बोकडासारखा होता. मामाला तो सहन होईना. ताईची मुलगी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचं काम करते. मामा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, मला शिकव. माझ्या घंटेचा आवाज पेटीत भरायचाय आणि वेळेवर बाहेर काढायचाय.

भाचीनं शिकवलं. मामाचा पहिला प्रोग्राम सुरू झाला तो चार तास थांबेचना. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आग लागली समजून गादी आणि इस्त्री घेऊन रस्त्यावर उतरले. (इस्त्री का, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.) पण दोन वर्षांनी 'घंटी' नावाचा प्रोग्राम ठणठणीत तयार झाला. भाचीनं तो मुक्त परवान्याखाली, जिथून कुणालाही उतरवून घेता येतो अशा सार्वजनिक भांडारात ठेवला. परवान्याचा अर्थ तिनं मामाला चहा पिता पिता समजावला होता: कुणीही वापरा, कशासाठीही वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त बदललेला दुसऱ्याला दिलात तर त्याचीही आतली सगळी वायरिंग उघडी ठेवून द्या.

"म्हणजे शाळेचा हौद," मामा म्हणाला होता. "कुणीही यावं, प्यावं, फक्त झाकण खिळे मारून बंद करू नये." आणि मोठ्या खुशीत त्यानं होकार दिला होता. आता दोनशे शाळा, तीन पोहण्याचे तलाव, दोन लॉन्ड्र्या आणि एक दाताचा डॉक्टर त्याची घंटा वाजवत होते.

आणि एक बिस्किटांचा कारखाना.

"भाचे!" मामानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "तो परवाना रद्द कर."

भाची हेडफोन मानेत अडकवून बाहेर आली. तिनं डबा बघितला, आईचं तोंड बघितलं, मामाचं बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. तिला सगळी गोष्ट दोनदा सांगण्यात आली, दोन्ही वेळा दोघांनी एकदम.

"रद्द होत नाही, मामा. दिलेलं परत घेता येत नाही."

"का? माझी घंटा आहे."

"म्हणून तर तू दिलीस. दुसऱ्याची असती तर देता आली असती का?"

"बरं, मग निदान त्या कारखानदाराला सांग की आत काय बदललंय ते दाखव. झाकण उघड म्हणावं."

"तसं तेव्हा सांगता येतं, जेव्हा तो बदललेली घंटी कुणाला देतो. तो स्वतःच्याच कारखान्यात वाजवतोय. ते देणं नव्हे."

"मला देतो की!" ताई उसळली. "दिवसातून चार वेळा देतो, कानात!"

"आई, ऐकू येणं म्हणजे मिळणं नव्हे."

"असं कोण म्हणतं?"

"परवाना म्हणतो."

"मग त्याला म्हणावं, एक दिवस पॅकिंगला ये."

मामा उठला. त्यानं कपाटातून जुनी वही काढली, चष्मा चढवला आणि लिहायला बसला. परवान्यात तेरा कलमं होती. तासाभरानं चौदावं तयार झालं. त्यानं उभं राहून, सूचना वाचताना राहायचा तसा एक हात पाठीमागे घेऊन, ते वाचून दाखवलं:

"'कलम चौदा. ही घंटी वापरणाऱ्या कोणीही मधली सुट्टी तीस मिनिटांपेक्षा कमी करू नये. व्हरांड्यात पळू नये. नळ वापरून झाल्यावर बंद करावा. हुकुमावरून.'"

"नळ?" भाची म्हणाली.

"सूचनेत नळ असतोच."

"मामा, हे कलम घातलंस की घंटी मुक्त राहत नाही. 'कशासाठीही वापरा' म्हणायचं आणि खाली 'पण यासाठी नको' म्हणायचं, हे चालत नाही. भांडारवाले काढून टाकतील. दोनशे शाळांना दुरुस्त्या तिथून मिळतात."

"वा रे मुक्त! चोराला मोकळीक आणि मालकाला बंदी!"

"तू हातोडी दिलीस आणि कुणी तिनं डोकं फोडलं, तर हातोडीवर 'डोकं फोडू नये' असं छापणार का?"

"छापायला काय जातं?"

"वाचतो कोण?" ताई म्हणाली. ती आता उरलेला डबा खायला बसली होती.

"शिवाय," भाची म्हणाली, "घंटी आता एकट्या तुझी राहिली नाहीये. सहा जणांनी त्यात आपापले तुकडे घातलेत आणि तू घेतलेस. परवाना बदलायचा तर सहाही जणांची संमती लागेल. आणि तरीही कारखानदार जुनी आवृत्ती वाजवत बसेल."

"ते बघू नंतर. आधी संमती. माणसं भली असतात," मामा म्हणाला, आणि त्यानं सहा जणांना पत्रं पाठवली.

माणसं खरंच भली होती. चार दिवसांत पाच उत्तरं आली, पाचही होकाराची. फक्त प्रत्येकानं जाता जाता आपलंही एक छोटं कलम जोडून मागितलं होतं.

तलावावरच्या शिक्षकानं लिहिलं: ओल्या अंगाच्या माणसाला घंटा वाजवून घाई करू नये. दाताच्या डॉक्टरचं म्हणणं, कुणाचंही तोंड उघडं असताना घंटी वाजू नये. लॉन्ड्रीवाल्या बाईंना सोमवारी घंटीच नको होती. चौकशी केल्यावर कळलं, की समोरचा लॉन्ड्रीवाला सोमवारी सवलत देतो आणि घंटा वाजवून गिऱ्हाईक गोळा करतो. बुद्धिबळ मंडळाच्या सचिवांनी मोजक्या शब्दांत कळवलं: घंटी वाजवून कोणाच्याही विचारात व्यत्यय आणू नये. संगीताच्या बाईंनी दोन पानं लिहिली. सारांश असा, की बेसूर घंटेचा वापर कोणीही, कोठेही करू नये.

मामानं सगळी कलमं वहीत उतरवली. नळाचं धरून एकोणीस झाली. मग तो वही घेऊन भाचीसमोर बसला आणि भाची एकेक कलमावर बोट ठेवत गेली.

"सोमवारी नको. म्हणजे शाळा आठवड्यातून एक दिवस बंद."

"तो एक दिवस सोडू."

"कुणाचंही तोंड उघडं नको. म्हणजे जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा कधीच वाजणार नाही."

"हे चांगलंय!" ताई म्हणाली.

"कुणाच्या विचारात व्यत्यय नको. म्हणजे तासाला घंटा नाही."

"गणिताच्या तासाला वाजवता येईल," मामा म्हणाला. "तिथे विचार कोण करतं."

"आणि बेसूर नको. मामा, तुझी घंटा चिरकी आहे. ही एकोणीस कलमं लावली तर घंटी जगात कुणालाही वाजवता येणार नाही. सगळ्यात आधी तुला."

मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वही तीच होती.

"प्रत्येकाचा एक दुष्ट असतो रे," भाची जरा हळू म्हणाली. "सगळ्यांचे दुष्ट वगळत गेलं की वापरायला उरतं कोण?"

"पण माझा दुष्ट खरा आहे. तो माझ्या बहिणीचा घास खातो."

भाचीनं वही मिटली. ते खरंच आहे, हे तिनं प्रामाणिकपणे मान्य केलं. परवाना घंटीची काळजी घेतो, म्हणाली, जेवणाऱ्याची घेत नाही. तो त्यासाठी लिहिलेलाच नाही.

तेवढ्यात सहावं उत्तर आलं. पाठवणाऱ्यानं नाव दिलं नव्हतं, नुसतं 'वेळ-सात'. या वेळ-सातवर मामाचा भारी जीव. घंटीतला सगळ्यात सुबक तुकडा त्याचा होता: 'लवचीक टोल'. कोणताही टोल ठरलेल्या वेळेच्या मागे किंवा पुढे सरकवायची सोय. मामाला वाटलं होतं, चला, आपल्यासारखाच शेवटच्या घासासाठी अर्धं मिनिट देणारा कुणीतरी सज्जन आहे.

सज्जनानं लिहिलं होतं: "सादर प्रणाम. संमती देता येत नाही, क्षमस्व. वापराच्या हेतूवर बंधन घालणं हे मुक्ततेच्या मूळ तत्त्वाविरुद्ध आहे. आपला निस्सीम चाहता."

"चाहता म्हणतो आणि नाही म्हणतो!" मामा म्हणाला.

"लग्नात असंच असतं," ताई म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी मामानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाराच्या सुमारास कारखाना गाठला. कलम नाही तर नाही. समोर उभं राहून चार गोष्टी तरी सुनवाव्यात. तिथल्या वेळा टाइमसाहेब ठरवतात, हे ताईकडून कळलं होतं. फाटकावरच्या माणसाला म्हणाला, टाइमसाहेबांना भेटायचंय, घंटेबद्दल. त्या माणसानं आधी हसून घेतलं आणि मग जिना दाखवला.

टाइमसाहेबांची खोली पॅकिंग खात्याच्या वर होती, काचेची. खाली लांबच लांब पट्टा, पट्ट्यावरून सरकणारी बिस्किटं, दोन्ही बाजूंना डोक्याला जाळी लावलेल्या बायका. अलीकडच्या रांगेत तिसरी ताई. टाइमसाहेब म्हणजे एक काटकुळा, नीटनेटका माणूस निघाला, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ.

"आपण?"

"ही जी घंटा वाजवता ना तुम्ही," मामानं जिन्यातच जुळवून ठेवलेलं वाक्य सोडलं, "ती ज्यानं केली तो मी!"

टाइमसाहेब उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी पाहुण्यांची खुर्ची पुसली. पुन्हा एकदा पुसली.

"घंटामामा? साक्षात? बसा, बसा ना! अहो, तुमचा प्रोग्राम वाचून मी शिकलो. रोज रात्री एक पान. मीच वेळ-सात!"

मामा उभ्याचा बसला.

टाइमसाहेबांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर एक चौकट होती. चौकटीत छापलेला कागद, आणि कागदावर मामाचंच वाक्य, लवचीक टोल स्वीकारताना त्यानं लिहिलेलं: "शाब्बास पठ्ठ्या! जेवणाऱ्यांचे आशीर्वाद लागतील."

"घरी बायकोलाही दाखवलं," टाइमसाहेब लाजत म्हणाले.

मामानं तो कागद दोनदा वाचला. म्हणजे कुणी काही चोरून बदललं नव्हतं. झाकण सताड उघडं होतं, वायरिंग लख्ख दिसत होती, आणि तिच्यावर त्याचीच शाबासकी डकवलेली होती. शिव्या आणल्या होत्या त्या मनातल्या मनात चाळून बघितल्या, तर एकही या माणसाच्या मापाची निघेना. चाहत्याला शिवी देता येत नाही. देणाऱ्यालाच लागते.

"अहो, पण मला वाटलं उशिरासाठी आहे," तो कसाबसा म्हणाला. "सुट्टी उशिरा संपवायला."

"उशिरा, लवकर, दोन्हीकडे सरकतो! तीच तर गंमत आहे. इथे मी सुरुवातीला दोन मिनिटं उशिरा लावलाय, शेवटी दोन मिनिटं आधी. चार मिनिटं गुणिले तीनशे माणसं..." टाइमसाहेबांचे डोळे पाणावले. "वीस तास होतात हो रोजचे! हवेतून काढले मी!"

"हवेतून नाही. माझ्या बहिणीच्या डब्यातून."

"आपल्या भगिनी आमच्याकडे आहेत?"

"तिसरी. अर्धा डबा परत आणते. तिची चार मिनिटं परत द्या."

टाइमसाहेब खरोखर कष्टी झाले. खुर्ची ओढून मामाच्या जवळ बसले.

"मामा, एकट्या त्यांची कशी देऊ? घंटा सगळ्यांना एकच."

"मग सगळ्यांची द्या."

"पण मग तत्त्वाचं काय? तुम्हीच लिहिलंय: कशासाठीही वापरा. मी तुमच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही बदलताय, मामा. मी नाही बदललो."

"मी तेव्हा शाळांपुरता विचार केला होता!"

"मोठ्या माणसांच्या कामाचं असंच होतं," टाइमसाहेब आदरानं म्हणाले. "चहा घेणार?"

मामा चहा नको म्हणणार होता. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. साडेबाराला काही सेकंद कमी. वर छताशी कर्णा मुकाट होता, आणि अजून दोन मिनिटं मुकाट राहणार होता.

ठण्ण.

टाइमसाहेबांनी आधी उजवं मनगट बघितलं, मग डावं. मग कर्णा. कर्णा वाजत नव्हता.

ठण्ण, ठण्ण, ठण्ण-ठण्ण-ठण्ण. मधल्या सुट्टीचा दणका, चिरका, सर्दी झालेला, आणि तो खालून येत होता. ताईच्या एप्रनच्या खिशातून. मग समोरच्या बाईच्या खिशातून. मग पट्ट्याच्या त्या टोकाकडून, मग या टोकाकडून, कुणाचा अर्धा टोल पुढे, कुणाचा मागे, तीसचाळीस फोन एकदम. संगीताच्या बाई असत्या तर भोवळ येऊन पडल्या असत्या. मामा काचेला नाक लावून बघत राहिला. सकाळी तो दाढी करत असताना मायलेकी फोनवर डोकी जोडून काय कुजबुजत होत्या, ते त्याला आत्ता कळलं. भाचीनं घंटी आईच्या फोनमध्ये साडेबाराला लावून दिली होती. आईनं शेजारणीला, शेजारणीनं पुढच्या बाईला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं.

खाली तिसऱ्या जागेवरची बाई पट्ट्यापासून मागे सरकली. तिनं डोक्याची जाळी काढली. तिच्यामागे आणखी जाळ्या निघाल्या. बिस्किटं एकटीच पुढे सरकत राहिली.

"अहो!" टाइमसाहेबांनी काचेची खिडकी सरकवली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकले. "अहो बाई! घंटा झालेली नाही! अजून दोन मिनिटं आहेत! ही कसली घंटा? कुणाच्या परवानगीनं वाजवलीत?"

ताईनं मान वर करून बघितलं. टाइमसाहेबांकडे बघितलं, मागे काचेला चिकटलेल्या भावाकडे बघितलं. मग बाकाखालचा डबा उचलला, काखेत मारला आणि हात धुवायच्या रांगेत पहिला नंबर लावायला दारातून बाहेर पडली.